उशिराचा कळस

मुरुमच्या आमच्या घरात कुणी हळू आवाजात बोललं की काहीतरी लपवतोय असा संशय यायचा. पुढं पिठाची गिरणी, मागं आम्ही, मधे एक भिंत. सकाळी पट्टा फिरायला लागला की ती भिंत, भिंतीवरचे फोटो, फळीवरचे डबे आणि आम्ही सगळे एका तालात थरथरायचो. अव्वा, म्हणजे आई, चुलीपाशी बसून मीठ मागायची, तर मागच्या गल्लीतली बाई वाटीत मीठ घेऊन दारात हजर व्हायची. त्यामुळं पुढं मी योगशिक्षक झालो आणि पहिल्यांदा लोकांना शवासनात निजवून ‘शांत व्हा, अंग सैल सोडा’ म्हणालो, तेव्हा पहिल्या रांगेतले एक निवृत्त तलाठी दचकून उठून बसले. ‘काय चुकलं सर?’ म्हणाले. आता पंचावन्नी ओलांडली. धाराशिवला माझे सकाळचे दोन आणि संध्याकाळचा एक असे वर्ग चालतात, लोक चनबस सर म्हणून ओळखतात, आणि अधूनमधून एखाद्या कॉलेजात यश आणि समाधान यांचा तोल कसा साधावा यावर बोलायलाही बोलावतात. माझा तोल म्हणजे वृक्षासन. एका पायावर दोन मिनिटं मी हलत नाही, एवढ्यावर गावाचा समज झालाय. बायको म्हणते, ‘घरात जरा दोन्ही पायांवर उभं राहत जा, गॅस संपलाय.’ त्या भाषणांत मी आप्पांच्या गिरणीचं सांगतो, लोक हसतात, टाळ्या वाजवतात. टेलिफोनचं मात्र सांगत नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. माझ्या लहानपणी मला वाटायचं, आप्पांचा मूळ रंगच पांढरा आहे. भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या, सगळं पिठाचं. फक्त गळ्यातली लिंगाची चांदीची डबी तेवढी सदऱ्याच्या आत असल्यामुळं चकचकीत. उन्हाळ्यात मिरच्यांचा हंगाम आला की कांडपाच्या यंत्रावर ते तोंडाला ओला पंचा बांधून उभे राहायचे आणि मग दोन-अडीच महिने गोरे-लाल दिसायचे. कान गिरणीनं केव्हाच खाल्ले होते. माणसाचं बोलणं त्यांना निम्मं ऐकू यायचं, पण दगडाचं पूर्ण. चाडीवर, म्हणजे वरून धान्य ओततात त्या डब्यावर, डावा तळहात ठेवून ते डोळे मिटायचे आणि उजव्या हातानं खालची पट्टी केसभर सरकवायचे. मला शिकवताना म्हणायचे, ‘दाणा जास्त पडला तर दगड गुदमरतो. कमी पडला तर दगड दगडालाच खातो. हाताला कळलं पाहिजे.’ माझ्या हाताला काही कळायचं नाही. माझ्या पाळीत दळलेल्या ज्वारीची भाकरी खाऊन बायका आप्पांकडं तक्रार घेऊन यायच्या, ‘तुमच्या पोरानं वाळू दळली व्हय?’

पहाटे मात्र घर गप्प असायचं. आंघोळ करून आप्पा पाटावर बसायचे, गळ्यातली डबी उघडून इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचे, त्यावर विभूती, बेलाचं पान, आणि मग नुसतं बघत बसायचे. पाठ ताठ, पापणी हलत नाही, हात हलत नाही. त्याच वेळी अव्वाच्या तव्यावर भाकऱ्या कडक व्हायच्या. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे पापडासारखी. दुसऱ्या खोलीत कुणी मोडली तरी मोजता येते, किती तुकडे झाले. एक तुकडा, त्यावर शेंगाचटणी, त्यावर दही, आणि घरभर कुर्रकुर्र. तेवढा अर्धा तास माणसाचा आवाज माणसाला ऐकू जायचा. बोलणं कन्नडात चालायचं. गाव कर्नाटकाच्या सीमेजवळचं, म्हणून आमचं घर दोन भाषांचं, पण वाटणी ठरलेली होती. माया कन्नडात आणि रागावणं मराठीत. आप्पा गिरणीवर गिऱ्हाइकाशी मराठी बोलायचे आणि घरात कन्नड. पण माझ्यावर चिडले की गिऱ्हाईक असल्यासारखे मराठीत यायचे. त्यांनी ‘चनबसप्पा, जरा इकडं या’ असं शुद्ध मराठीत म्हटलं की मी मागच्या दारानं बाहेर.

चिडायला त्यांना माझ्याकडून बारमाही माल मिळायचा, त्यातही एक पक्का, माझा उशीर. मी जन्मालाही पंधरा दिवस उशिरा आलो असं अव्वा सांगायची. शाळेत घंटेनंतर, लग्नात अक्षतांनंतर. तीन वर्षांचं बी.ए. मी पाच वर्षं केलं, तेही धाराशिवला खोली घेऊन. असल्या माणसाला घड्याळ शिकवलं ते देशमाने सरांनी. सर निवृत्त मुख्याध्यापक. एका शाळेच्या हॉलमध्ये पहाटे साडेपाचला योगवर्ग घ्यायचे आणि साडेपाचाच्या ठोक्याला आतून कडी लावायचे. मी पहिले चार दिवस बाहेरच्या पायरीवर बसून ओंकार ऐकला. पाचव्या दिवशी पाचला जाऊन बसलो. का, ते आजही सांगता येणार नाही. आत गेल्यावर जी शांतता होती ती मला आमच्या घरातल्या पहाटेच्या अर्ध्या तासासारखी वाटली, एवढंच. तीन वर्षांत सरांनी मला परीक्षा द्यायला लावल्या आणि गुडघे दुखायला लागल्यावर वर्गच माझ्या हाती दिला. कडीसकट. मग मीही साडेपाचाला कडी लावायला लागलो, आणि बाहेर राहिलेल्या माणसाचं तोंड काचेतून बघताना मला फार बरं वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

त्या वर्षीची येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. येळवसेला आमच्या भागात सगळा गाव रानात जेवतो. आमचं रान नव्हतं, तरी गिरणीच्या ओळखीतल्या एकांच्या शेतात आम्ही दरसाल जायचो. ज्वारीच्या कडब्याची खोप, खोपीत पूजा, आणि मग भज्जी, म्हणजे पालेभाज्या आणि ओले दाणे घालून केलेली बेसनाची भाजी, बाजरीचे उकडलेले उंडे, मडक्यातली आंबील. त्या दिवशी वर्षातून एकदा गिरणी बंद असायची. हिरव्या ज्वारीत वारा तेवढा वाजत होता. आणि त्या शांततेत आम्हाला सगळ्यांना एक आवाज ऐकू आला. किटली उकळायच्या आधी शीळ घालते तसा. मी इकडंतिकडं बघितलं. आप्पांच्या छातीतून येत होता. रोज येत असणार, पण गिरणीच्या आवाजाखाली आणि पहाटेच्या कुर्रकुर्रीत आम्हाला कधी कळलाच नव्हता. त्यांना स्वतःला तर नाहीच.

अव्वा म्हणाली, ‘चन्नू, गावाला शिकवतोस ना? यांना शिकव की.’

मी लगेच उत्साहात आलो. तोंडात उंडा, हातात आंबिलीचा पेला, आणि फुफ्फुसावर व्याख्यान सुरू. आप्पा थोडा वेळ माझ्या ओठांकडं बघत राहिले, मग मंडळींकडं वळून म्हणाले, ‘ऐका. श्वास कसा घ्यायचा त्याची शिकवणी निघालीय. उद्या ढेकर द्यायचीबी निघंल.’ सगळे हसले. मीही हसलो असतो, तर गोष्ट तिथंच संपली असती. मी म्हणालो, ‘चेष्टा करा. निदान पिठात मरायचं तरी नाही मला.’ हसणं थांबलं. आप्पा मराठीत आले. ‘चनबसप्पा, पंचविशी झाली तुमची. उशीर झालाय. आता या हातपाय वाकडे करायच्या धंद्यातनं उठा आणि गिरणीत येऊन बसा.’ मी आंबिलीचा पेला खाली ठेवला. ‘तुम्ही स्वतःच्या तोंडानं शिकव म्हणाल ना, त्या दिवशी येईन. तोवर मुरुमला पाऊल टाकणार नाही.’ नाटकात शोभेल असं वाक्य. मग तरातरा बांधावरून निघालो आणि एस.टी. नसल्यामुळं फाट्यावर दीड तास बसून राहिलो. अव्वानं माणसाबरोबर भज्जीचा डबा पाठवला. तो मी घेतला. रागात असलो तरी भज्जी होती.

धाराशिवला माझी खोली सलीमभाईंच्या कटलरीच्या दुकानावर होती. बांगड्या, रिबिनी, आरसे आणि गल्ल्यापाशी काळा टेलिफोन. आसपासच्या दहा-बारा खोल्यांचे निरोप सलीमभाई घ्यायचे आणि पोचवताना त्यात आपलं थोडं घालायचे. फेब्रुवारीच्या सुमाराची गोष्ट असेल. मी पिशवी भरत होतो, कारण दुपारच्या गाडीनं भूमला निघायचं होतं. तिथं शाळेच्या मैदानावर दहा दिवसांचं शिबिर, माझं एकट्याचं पहिलं. खालून हाक आली.

‘ओ चनबसभाई! अब्बांचा फोन आलता मुरुमवरनं.’

मी दोन-दोन पायऱ्या उतरलो. ‘काय म्हणाले?’

‘मी हॅलो म्हनलो, तर आपलं सुरूच झाले. मी म्हनतोय, मैं सलीम बोलतो, चनबसला हाक मारतो, ठहरो. कायबी ऐकत न्हाईत. बोलले आन् ठेवून दिला.’

‘पण बोलले काय?’

सलीमभाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘उशीर म्हनले. दोनदा म्हनले. उशीर, कळस, बा. लई चिडलेले वाटले, दम लागलाता. म्हंजी उशिराचा कळस झाला बाबा, आसं आसंल. तुमचं लगीन-बिगीन राहिलंय का काय?’

दुकानात बांगड्या भरायला आलेल्या दोन बायका हसल्या. माझे कान तापले. येळवसेला ऐकवलं ते कमी पडलं म्हणून आता फोनवर, परक्या माणसाकडून, बायकांसमोर. आणि मराठीत. मराठीत होतं, तिथंच माझा निकाल लागला. ‘पुन्हा फोन आला तर सांगा, चनबस वेळेवर भूमला गेला म्हणून,’ असं म्हणून मी पिशवी उचलली. आयुष्यात पहिल्यांदाच एस.टी. स्टँडवर अर्धा तास आधी पोचलो.

भूमचं शिबिर चांगलं झालं. फारच चांगलं झालं. पहिल्या दिवशी तीस माणसं होती, शेवटी मैदान भरलं. तिसऱ्या रांगेत एक मुलगी वृक्षासनात रोज पडायची आणि रोज आधी मीच हसलो का ते बघायची. शिबिर भरवणाऱ्यांची ती पुतणी, सुनंदा. जिचा गॅस संपलाय असं वर लिहिलं तीच. शेवटच्या दिवशी शाल-नारळ मिळाला, आणखी दोन गावांची बोलावणी आली. म्हणजे आज माझं जे काही बरं चाललंय, घर, संसार, नाव, त्याची मुळं त्या दहा दिवसांत आहेत. त्यामुळं मला साधा पश्चात्तापही सरळ करता येत नाही. त्या दिवशी मुरुमची गाडी धरली असती तर, असं म्हणायला लागलो की स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज येतो.

मी घरी गेलो तो पाडव्याच्या आदल्या दिवशी. राग संपला होता म्हणून नव्हे. शाल दाखवायची होती. मुरुमच्या स्टँडवर उतरलो आणि काहीतरी चुकल्यासारखं झालं. आमच्या गिरणीचा आवाज स्टँडपासून ऐकू यायचा. भर हंगामात, मिरच्यांची पोती दारात पडलेली असायच्या दिवसांत, तो येत नव्हता. घरापुढं खाटेवर आप्पा बसले होते. धुतलेले. भुवया काळ्या-पांढऱ्या, कानांच्या पाळ्या माणसाच्या रंगाच्या. मी त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. उमरग्याच्या डॉक्टरांनी गिरणीत पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. दोन वाक्यं बोलायची तर मधे ते थांबत होते. मला बघून कन्नडात म्हणाले, ‘आलास? जेव.’ आणि दुसरीकडं बघायला लागले.

मागच्या खोलीत अव्वानं भाकरी वाढली आणि माझ्यासमोर बसली. आवाज बारीक केला होता. तिला असं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

‘त्यांनी बोलावलं तरी आला नाहीस.’

‘बोलावलं कुठं? शिव्या घातल्या फोनवर. उशिराचा कळस झाला म्हणे!’

‘कुणी सांगितलं तुला?’ अव्वा म्हणाली. ‘मी होते की बरोबर. आंघोळ केली, पूजा केली, धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. लग्नाला निघाल्यासारखे निघाले. औषधाच्या दुकानातनं फोन करायचा होता. तुझ्यापुढं काय बोलायचं ते वाटेनं घोकत होते. मी म्हटलं, एवढं काय घोकायचं? तर म्हणाले, पोराला कधी काही मागितलं नाही, जीभ वळत नाही.’

‘मग काय बोलले?’

‘एवढंच. उसिर कलसु, बा. दोनदा बोलले. तू काही बोलला नाहीस म्हणाले, म्हणून फोन ठेवून दिला.’

मराठी वाचकाला हे उलगडून सांगावं लागेल. कन्नडात उसिर म्हणजे श्वास. कलसु म्हणजे शिकव. बा म्हणजे ये. श्वास शिकव, ये. सलीमभाईंचा यात दोष नाही. त्यांना जे ऐकू आलं त्यातून त्यांनी बिचाऱ्यांनी मराठी तयार केली. आप्पांचाही नाही. बहिऱ्या माणसाला पलीकडचा हॅलो कुणाचा हे कसं कळणार? पण मी? मी दोन्ही भाषांत जन्मलेला. रोज पहाटे पन्नास माणसांना श्वास घ्या, श्वास सोडा म्हणणारा. उशीर, कळस, बा, हे तीन शब्द माझ्या पुढ्यात तसेच ठेवले होते. ते मी एकदा, फक्त एकदा, आमच्या घरच्या भाषेत म्हणून बघितले असते तर? पण आप्पा माझ्याशी मायेनं बोलले असतील ही शक्यताच माझ्या कानाला नको होती. गिरणीत मी उभा राहिलो नाही, तरी बहिरा मीच निघालो.

भाकरीचा तुकडा हातात धरून मी बाहेर गेलो आणि आप्पांच्या कानाशी वाकून, ओरडून सगळं सांगितलं. सलीमभाई, बांगड्यांच्या बायका, उशिराचा कळस. त्यांना दोनदा सांगावं लागलं. समजलं तेव्हा ते हसायला लागले. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, हसण्याचा खोकला झाला, खोकल्यानं ते अर्धे झाले, आणि तरी हसतच होते. ‘कळस!’ म्हणाले. ‘देवळाचा?’ मी हसलो नाही. येळवसेला नाही, तेव्हाही नाही. दोन्ही वेळा हसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला आमचा वर्ग सुरू झाला. एक शिक्षक, एक विद्यार्थी. मी तयारीनं गेलो होतो, पाठ ताठ कशी ठेवायची, नजर कशी स्थिर करायची. आप्पा पाटावर बसले, डावा तळहात छातीपुढं आपोआप धरला गेला, आणि पापणी हलायची थांबली. तीन वर्षं देशमाने सरांकडं, आणि नंतर इतकी वर्षं स्वतः शिकवताना, तसं बसलेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही. जे मी त्यांना शिकवणार होतो त्यातलं सगळं ते माझ्या लहानपणापासून माझ्यासमोर रोज पहाटे करत होते आणि मी भाकरी खात होतो. शिकवायला उरला फक्त श्वास, आणि तोच त्यांच्याकडं शिल्लक नव्हता. मी चार अंक म्हणायचो, त्यांचा दोनात संपायचा. आता मला कळतं की आधी आलो असतो तरी प्राणायामानं छातीतलं पीठ निघालं नसतं. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं. पण मधला तो दीड महिना तरी आमचा झाला असता. बावीस पहाटा मिळाल्या. रोज ते पंचा खांद्यावर टाकून माझ्याआधी येऊन बसायचे.

एक दिवस मी मोठ्यानं मोजत होतो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. उठून माझ्यामागं आले, माझ्या पाठीवर डावा तळहात ठेवला, चाडीवर ठेवायचे तसा, आणि डोळे मिटले. ‘फार टाकतोयस,’ म्हणाले. ‘गुदमरतो दगड. हळू.’ मी हळू घेतला. ‘हं. आता बरोबर.’ माझ्या श्वासावर मी आजवर पुष्कळ प्रमाणपत्रं मिळवली. भिंतीवर लावलीत.

शेवटच्या आठवड्यात त्यांना पाटावर बसवत नव्हतं, म्हणून खाटेवरच, उशांना टेकून. मी कन्नडात सांगत होतो. घे. आता धर. आता सोड, उसिर बिडु, आप्पा. बिडु म्हणजे सोड. त्या सकाळी ते माझ्याकडं बघत राहिले. मी बहुतेक नीट बोलत नसणार. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना सगळं वाचता यायचं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि थांबून थांबून, डोळ्यांत ती मिस्कील चमक आणून, अर्धं मराठी आणि अर्धं कन्नड असं एक वाक्य बोलले.

‘उशीर बिडु, चन्नू.’

मी आता वर्गाला कडी लावत नाही. कुणी सहाला येवो, सव्वासहाला येवो, दार लोटलेलं असतं. येणारा मागच्या रांगेत चटई टाकतो आणि ओशाळून म्हणतो, ‘सर, उशीर झाला.’ मी म्हणतो, सोडा, श्वास घ्या. त्यांचा सुटतो. मी रोज तीन वर्गांत पाचपन्नास वेळा श्वास सोडतो. उशीर मात्र अजून सोडता आलेला नाही.